वळणापर्यंत दिसणारा कॅमेरा

६ जानेवारी

ही डायरी डॉक्टरांच्या टेबलावरून मिळाली. औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाला कसल्या ना कसल्या गोळीची जाहिरात. ताईच्या दुखण्याची नोंद ठेवा म्हणाले. दुखतंय, हीच नोंद. ते रोज रोज काय लिहायचं? म्हणून मी माझंच लिहिणार आहे.

आज दुकानात एक बाई आल्या. नवरा गेलाय. फोटो आणला तो कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला, शेजारच्याचा हात त्याच्या खांद्यावर. "एवढा एकच बरा आहे हो," म्हणाल्या. एवढा एकच बरा आहे, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचं माणूस पिशवीत हात घालतं तेव्हाच मला कळतं. मी तो हात पुसला, खांदा भरून काढला, शर्टाच्या रेघा जुळवल्या, मागे फिकट निळा रंग दिला. आमचं फ्रेमचं दुकान. मालक काच कापतात, फ्रेम ठोकतात आणि मी कॉम्प्युटरपुढे बसून गेलेल्या माणसांना शेजाऱ्यांच्या हातातून सोडवते.

घरी येऊन ताईचे फोटो शोधले. एक धड नाही. अर्ध्या फोटोंत डोळे मिटलेले, उरलेल्यांत ती कडेला, कुणाला तरी पाणी देताना नाहीतर कुणाचं मूल सांभाळताना. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होती बाई. अख्ख्या गावाला तिचा आवाज माहीत, तोंड कुणाला दाखवायची वेळच आली नाही.

काल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते ताईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण एक ठरवलं. उद्या मालकांसमोर पिशवीत हात घालून मी "एवढा एकच बरा आहे" म्हणणार नाही. कॅमेरा घेणार. तिचा चेहरा तिचा आहे तोवर एक नीट फोटो काढणार. मोबाईलचा नको. तो फ्रेमएवढा मोठा केला की गाल मेणाचे दिसतात, मी रोज बघते.

१० जानेवारी

दुसऱ्यांनी काढलेले फोटो मी इतकी वर्षं दुरुस्त केले, पण स्वतः एक काढला नाही. हे कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्यावर कळलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ब्रिज बघताय की एसएलआर?" मी म्हटलं, "बाई गं, मी कॅमेरा बघतेय."

तिने न हसता समजावलं. एसएलआर म्हणजे ज्याची लेन्स काढून दुसरी बसवता येते. आत आरसा असतो, आपण डोळा लावतो ते खरोखर समोरचंच दिसतं. ब्रिज म्हणजे मधला. दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, पण लेन्स कायमची चिकटलेली. मात्र तीच लेन्स जवळचंही बघते आणि पार लांबचंही. डोळा लावला की आत छोटा टीव्ही. "नवशिक्यांना कुठला बरा?" विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काय काढायचंय त्यावर आहे." माझ्या तोंडून एकदम "बहीण" निघालं.

आमच्या शेजारच्या गाळ्यात लग्नाचे फोटो काढणारा आहे. आम्ही त्याला लग्नवालाच म्हणतो. स्वतः बिनलग्नाचा. त्याला ब्रिज म्हटल्यावर त्याने असं तोंड केलं जसं काही मी खेळण्यातली गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेय. "काकू, तो ना धड इकडचा ना तिकडचा. चेहरा काढायचा तर एसएलआरच. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. तुम्हाला बॅकग्राउंड पुसायलाच नको!"

हे मात्र पटलं. माझं अर्धं आयुष्य बॅकग्राउंड पुसण्यात गेलंय.

१३ जानेवारी

ताईला सांगितलं, कॅमेरा घेतेय. तिला वाटलं मला छंद लागला. "ढमे, पन्नाशीत तुला हे काय सुचलं?" लहानपणी मी गुबगुबीत होते, तेव्हापासून मी ढमी. आता हाडं मोजून घ्या, तरी ढमीच.

दोन्ही प्रकार समजावले. एसएलआरमध्ये मागचं कसं धूसर होतं, हे मी हातवारे करून सांगत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. पलंग मीच खिडकीशी लावून दिलाय, तिसऱ्या मजल्यावरून तेवढीच करमणूक. म्हणाली, "तो दुसरा, लांबचं बघणारा. त्यातून वळणापर्यंत दिसेल का?"

"कुठलं वळण?"

"अगं, बस थांबते ते. टायरवाल्याच्या पलीकडे."

"तिकडे काय बघायचंय? टायर?"

"बघीन की. मला काय, टायर पण चालतील."

पडून पडून माणूस पोरासारखं होतं. म्हटलं, "ताई, कॅमेरा दुर्बीण नाही." तिने परत खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "तुझा कॅमेरा, तुला हवा तो घे." हे वाक्य ती ज्या सुरात म्हणते तो सूर टेलिफोनवरच्या लोकांनाही कळत असणार.

१९ जानेवारी

घेतला. एसएलआरच. लग्नवाल्याने त्याचा जुना दिला, सोबत साधी लेन्स. घरी येताना अंगात वारं शिरलं होतं.

पण ताईच्या खोलीत दुपारीसुद्धा अंधार. लग्नवाल्याने शिकवलेलं सगळं तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो विसरले. कधी फोटो काळा, कधी पांढराफटक. एकात तर उशीचा अभ्रा इतका स्वच्छ आला की शिवणीचे टाके मोजावेत, आणि ताईचं तोंड धुक्यात. ताईने बघितलं आणि म्हणाली, "उशी छान आलीये. उशीचा मोठा करून लाव."

हसून हसून तिला ठसका लागला. मग दुखायला लागलं.

नंतर म्हणाली, दे बघू. दोन्ही हातांनी उचलला, डोळ्याला लावून खिडकीतून बघितलं. "यातून तर लांबचं अजून लांब दिसतं गं." आणि पोटावर ठेवून दिला. जड झाला तिला.

२७ जानेवारी

आज भांडण झालं.

मी रोज कामाआधी, कामानंतर कॅमेरा घेऊन तिच्या डोक्याशी. मान जरा इकडे, हनुवटी वर, उजेडाकडे बघ. लग्नवाला म्हणतो शिकायला वर्ष लागतं. मला वर्ष कुठून देणार हा? ताईचे गाल या आठवड्यात आत गेलेत. रोज सकाळी मी तिच्याकडे आधी तशीच बघते, आज किती गेलं. अशी बघते याची लाज वाटते.

आज म्हणाली, "बस झालं. नको काढूस."

"एकच नीट येऊ दे गं."

"कशाला हवाय तुला? भिंतीवर लावायलाच ना?"

मी कॅमेरा खाली घेतला. ती मात्र एकदम ऑपरेटरच्या आवाजात बोलत होती, शांत. "डॉक्टरांनी तुला बाहेर नेलं तेव्हा मी काय झोपले होते? तू मला लटकवायची तयारी चालवलीयस आणि मला म्हणतेस हनुवटी वर कर."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. आधीच घासलेली होती. रडले, खूप. राग तिचाही आला. माझ्याजवळ तिचं काय राहणार, हा विचार करायचाच नाही का मी? तिच्याशिवाय मला कोण आहे? आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. वेणी हिने घातली, मला आईचा हात आठवत नाही, हिचाच आठवतो.

२ फेब्रुवारी

एसएलआर परत केला. लग्नवाल्याने "मी सांगितलं होतं, धीर धरा" असं काहीतरी ऐकवलं. म्हटलं, धीर माझ्याकडे आहे, दिवस नाहीत. मग त्याने निमूट घेतला.

ब्रिज आणला. खरं सांगायचं तर ताईसाठी नाही आणला, तिच्यापुढे हार मानली म्हणून आणला. फोटो काढायचा नाद सोडला. निदान तिची करमणूक होईल.

खिडकीच्या कट्ट्यावर उशी, उशीवर कॅमेरा. हलका आहे, तिला उचलावाही लागत नाही. बटण सरकवलं की लेन्स सोंडेसारखी पुढे येते. ती इतकी खूश झाली की मला तिच्यावर रागावून राहताच येईना. "अगं, टायरवाल्याच्या दुकानाची पाटी वाचता येते! अगं, त्याच्या मांजराला मिशा आहेत!"

"मांजराला असतातच."

"तुला काय कळतंय."

तेवढ्यापुरती ती माझी जुनी ताई होती.

५ फेब्रुवारी

दुकानातून आले तर दारातच विचारते, "पिशवी आज डाव्या खांद्यावर का? उजवा दुखतोय?" मी चाट. म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "जिना चढताना घासली भिंतीला, ऐकू आलं." कान अजून ऑपरेटरचेच आहेत.

खांदा खरंच दुखत होता. तिने पलंगावरूनच मलम चोळून दिलं. हातात जोर नव्हता, नुसतं फासलं म्हणायचं.

११ फेब्रुवारी

कॅमेऱ्याचा नाद फारच लागलाय. दिवसभर झोपते आणि माझी यायची वेळ झाली की म्हणे उठवून बसवायला लावते, असं दिवसाची नर्स सांगत होती. आता माझी यायची वेळ म्हणजे बरोबर टायरवाला दुकान आवरतो ती वेळ. मी चिडवलं, "ताई, टायरवाल्यावर नजर आहे वाटतं! बायको आहे हो त्याला."

तिने आधी डोळे मोठे केले, मग म्हणाली, "असू दे. लांबूनच बघते मी."

नंतर विचारत होती, "आज त्याच्याशी काय बोलत होतीस इतका वेळ?" म्हणजे बघा, सगळा पहारा आहे. म्हटलं, सुट्टे मागत होता. मला जरा रागच आला. मी दिवसभर खपून येते, आणि हिला रस्त्यावरच्या चौकशा.

१६ फेब्रुवारी

मालक ताईला बघायला आले. काच कापणारी माणसं आजाऱ्याच्या खोलीत कशी बसतात कोण जाणे, हे खुर्चीच्या टोकावर अवघडून बसले. मी ताईचे केस विंचरत होते. एवढेसेच राहिलेत. त्यांची वेणी घालते म्हटलं तर ताई म्हणाली, "घाल, उंदराच्या शेपटीएवढी होईल." मी म्हटलं, "रिबीन बांधू का? शाळेत जाशील?" तर ती हसायला लागली, डोकं मागे टाकून, आणि ती पडू नये म्हणून मी गालाशी हात धरला.

मालकांनी कट्ट्यावरचा कॅमेरा उचलला आणि दाबलं. बस. त्यांना कुठलं बटण कशाचं तेही माहीत नाही. "आला का बघा," म्हणाले.

आला. डोळे उघडे, हसतेय. पण माझा हात अर्ध्या गालावर. शिवाय फोटो जरा खरखरीत, अंधारात या कॅमेऱ्याचं तसंच होतं. ताईने बघितला, बराच वेळ बघितला. मी मनात म्हटलं, हात काढावा लागेल, गाल नव्याने भरावा लागेल. आणि लगेच स्वतःची चीड आली. ती समोर बसलीये आणि मी तिचा गाल कुठून भरायचा बघतेय.

२० फेब्रुवारी

बसमधून उतरले आणि फोन वाजला. ताई.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही गं. वर बघ जरा."

"कुठे वर?"

"इकडे, खिडकीकडे."

बघितलं. एवढ्या लांबून आमची खिडकी म्हणजे एक काळा चौकोन. डोळ्यांवर ऊन. "काय आहे?" मी म्हटलं. "काही नाही. ये," म्हणाली आणि फोन ठेवला.

वर आल्यावर चांगलीच झापली तिला. असा फोन करतात का? जीव घशात आला माझा. तर नुसती हसत होती.

२५ फेब्रुवारी

कॅमेरा आजकाल कट्ट्यावर तसाच असतो. तिला बसवत नाही. आज नर्सने बसवून बघितलं, पण लगेच झोपवावं लागलं. मी आले तेव्हा ती जागी होती. विचारलं, काही हवंय का. म्हणाली, "आलीस ना, झालं."

३ मार्च

ताई गेली. सकाळी.

१२ मार्च

दुकानात जायला लागले. घरी काय करू?

लग्नवाला चहा घेऊन आला. म्हणाला, काकू, तो ब्रिज विकायचा असेल तर गिऱ्हाईक आहे, कार्ड तेवढं रिकामं करून द्या. रिकामं करायला म्हणून मी ते कॉम्प्युटरला लावलं. मला वाटलं, टायर असतील. मांजर असेल.

पहिले काही तेच होते. पाटी, मांजर, विजेचा खांब, सगळं वाकडं. आणि मग मी. वळणावर बसमधून उतरताना मी. पिशवी उजव्या खांद्यावर, मग एक दिवस डाव्या. टायरवाल्याला सुट्टे देताना मी. चपलेचा पट्टा नीट करताना वाकलेली मी. पाठोपाठ मीच, रोज, वळणापासून आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत. फाटकापुढे खिडकीतून दिसत नाही.

लग्नवाला मागे उभा होता. म्हणाला, "आजारी बाईने काढलेत हे? फोकस बघा, कुठेच सुटला नाहीये." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो चहाचे कप घेऊन निघून गेला.

मी सगळे पाहिले. सगळ्यांत मी खाली मान घालून चालतेय, कपाळाला आठ्या, कुणीतरी हाकलल्यासारखी. ती माझी वाट बघत होती आणि मी टायरवाल्यावरून चिडवत होते तिला. मला काही म्हणजे काही कळलं नाही. सगळ्यांत एकच फोटो आहे ज्यात मी वर बघतेय. कानाला फोन, एक डोळा उन्हाने मिटलेला, तोंड वैतागलेलं. तेवढ्यासाठी तिने फोन केला होता. तेवढंही मी हसून बघितलं नाही गं ताई.

मालक आत काच कापत होते ते थांबले. मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले, गिऱ्हाईक बाहेर उभं होतं तरी.

कॅमेरा विकायचा नाही म्हणून सांगितलं.

१४ मार्च

आज ताईचा फोटो करायला घेतला. दुसरा नाहीच. एवढा एकच बरा आहे.

इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. आधी मागची भिंत पुसली. मग माझी बोटं पुसायला घेतली, एकेक करून. तिच्या दुसऱ्या गालाचा रंग उचलून तिथे भरत गेले. चांगलं जमत होतं, मला जमतंच ते. अंगठा तेवढा राहिला होता तेव्हा जरा मागे सरून पाहिलं.

ताई डोकं मागे टाकून हसत होती आणि तिला धरायला कुणी नव्हतं. आत्ता पडेल अशी.

मला बघवेना. केलेलं सगळं रद्द केलं. एकेक बोट परत आलं. भिंतही परत आली, उंदराच्या शेपटीएवढी वेणी, कंगवा, खिडकीचा कट्टा, त्यावरची उशी. निळा रंग दिला नाही.

मालकांनी प्रिंट हातात घेतली, काचेखाली धरून पाहिली. त्यांना माझं काम माहीत आहे, म्हणून जपून म्हणाले, "हात राहिलाय तुमचा."

म्हटलं, "राहू दे."

त्यांनी काच पुसली आणि फ्रेम ठोकायला घेतली. दुकान बंद करून मी फ्रेम घेऊन बसने आले. वळणावर उतरले आणि आमची खिडकी कुठली ते शोधत, वर बघत घरापर्यंत चालत गेले.